न्हाणीवर पिवळा बावटा

मुक्काम भाट्ये, रत्नागिरी
माघ वद्य तृतीया, शके १८५२

माझा धाकटा साडू, जो चौदा वर्षे माझ्या हाताखाली टिंडल म्हणून राबला आणि तरीही अजून माझ्याशी बोलतो, त्या चिरंजीव लवूस सखाराम सारंगाचे अनेक आशीर्वाद आणि एक गाऱ्हाणे.

तुझे कार्ड पोचले. माझगावच्या गोदीतल्या कोठीवर तुला बसवले, हे वाचून आनंद झाला. दोर, रंग आणि बावटे सांभाळायला तुझ्यासारखा माणूस नाही (कारण तू कुणाला काही देत नाहीस). कोठीतल्या धुळीने खोकला वाढला असेल तर ज्येष्ठमध तोंडात धर. चिमाच्या कमरेला आराम आहे का? ती गोणपाटावर निजते की अजून गादीचा हट्ट धरते? आमच्याकडे तिच्या थोरल्या बहिणीचे, मथुराचे, गुडघे पूर्वीसारखेच आहेत. खाली बसताना ती देवाचे नाव घेते आणि उठताना माझे. सूनबाई राही बरी आहे. शिवाचे पत्र कोलंबोहून आले, त्याची बोट पुढे कुठे जाणार ते नेहमीप्रमाणे त्यालाच ठाऊक नाही. नातू चिरंजीव दत्ताराम आज दोन महिने तीन दिवसांचा झाला. त्याची प्रकृती ठणठणीत आहे. बिघडली आहे ती माझी अब्रू, आणि तेच सविस्तर लिहायला बसलो आहे. तू गोदीत इकडून तिकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण ऐकलेले बरे. आपल्या वाडीतली निम्मी माणसे मुंबईत आहेत आणि त्यांच्या तोंडाला झाकण नाही.

तुला ठाऊक आहे की मी बत्तीस वर्षे पाण्यावर, खलाशांवरचा सारंग म्हणून, काढली आणि त्या अवधीत मला चार मुले झाली. ती झाल्याचे मला पत्राने कळत असे. पत्र एडनला पोचेपर्यंत बारसे होऊन जाई आणि मी घरी पोचेपर्यंत पोर पायांवर उभे राही. शिवा मला प्रथम दिसला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. माझ्या मिशा बघून त्याने जो टाहो फोडला तो मी पुन्हा खाडीवरच्या तरीत बसेपर्यंत थांबवला नाही. एकाही मुलाला मी कधी न्हाऊ घातले नाही, लवू. लंगोटाची घडी कशी पडते ते मला माहीत नव्हते. हे मी तुला जहाजावर कधी बोललो नाही, कारण सारंगाने टिंडलापाशी असे बोललेले बरे दिसत नाही. पण घरी कायमचा आलो आणि महिन्याभरात सून बाळंत झाली, तेव्हा मी मनाशी ठरवले की या पोराच्या वेळी मी हजर राहणार, पहिल्या दिवसापासून, आणि नुसता ओटीवर बसून नव्हे.

आता हजर राहून करायचे काय? बायकांच्या राज्यात मला येते काय? विचार करकरून एकच गोष्ट सापडली. स्वच्छता. बत्तीस वर्षे मी खलाशांचे हात, पाय, बिछाने आणि डेक तपासले. प्रत्येक बंदरात सरकारी डॉक्टर बोटीवर चढे, हात उलटसुलट करून बघे, आणि तोवर पिवळा बावटा उतरत नसे. बावटा वर आहे तोवर बोटीवर कुणी यायचे नाही, बोटीवरून कुणी जायचे नाही. (मोंबासाला आपण सहा दिवस तसे लटकलो होतो आणि तू बोटीच्या स्वयंपाक्याशी, त्या भांडाऱ्याशी, कांद्यावरून भांडलास, ते आठवत असेल.) दोन वितीच्या पोरापेक्षा मोठी बोट कोणती, असा माझा विचार. निरोपाच्या दिवशी तू आपल्या बोटीच्या सामानातून काढून दिलेला तो जुना पिवळा बावटा पेटीत होताच. गुढीची काठी माळ्यावरून काढली, अंगणात न्हाणीच्या कोपऱ्याशी रोवली, आणि बाळाला पाच आठवडे पुरे झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या अंघोळीच्या वेळी मी बावटा चढवू लागलो. बावटा वर असेपर्यंत उंबऱ्याच्या आत कुणी येणे नाही. ज्याला यायचे त्याने पायरीशी ठेवलेल्या घंगाळात लाल कारबोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, नखे दाखवावीत. बाळाचा मुका घेण्यास सक्त मनाई. खोकणाऱ्याने माडाखाली उभे राहून बाळाची चौकशी करावी. हे सगळे मी भिंतीवर खडूने लिहिले. वाडीत वाचता येणारे पाच जण, त्यांतले तीन मुंबईला, त्यामुळे प्रत्येकाला वाचूनही दाखवत असे.

सर्व सुरळीत चालले असते, पण न्हाऊ घालायला येते तुळसा. तुळसाला तू ओळखतोसच, चिमाच्या पाचही पोरांना तिनेच न्हाऊ घातले आणि चिमा अजून दर दिवाळीला तिला लुगडे धाडते. आता सत्तरी गाठली, दात चार, पण पाटावर पाय लांब करून बसली की गलबताचे वल्हे आडवे टाकल्यासारखे तिचे पाय ताठ राहतात आणि त्या नडग्यांवर पोर पालथे पडले की जगबुडी झाली तरी हलत नाही. तेल, साय, डाळीचे पीठ, कोपर बुडवून पारखलेले कढत पाणी, वर वेखंड आणि ओव्याची धुरी. तिचा हात चांगला आहे हे मी मान्य करतो (आज करतो, तेव्हा केले नाही). पण लवू, तिच्या तोंडात चोवीस तास मिश्री. त्याच तोंडाने ती बाळाच्या नाकात फुंकर घालणार. कमरेला काजळाची डबी, तीत बोट घालून तेच बोट थेट पोराच्या डोळ्यांत. त्या बोटाला आदल्या पोराचे तेल, त्याच्या आदल्याची हळद. मी बावट्याच्या पहिल्या दिवशी म्हटले, तुळसाबाय, हात पुढे करा. ती हसली आणि हात पुढे केले. दुसऱ्या दिवशी म्हटले, उलटे करा. केले, पण हसली नाही. तिसऱ्या दिवशी मी मिश्री थुंकायला सांगितली आणि काजळाची डबी काढून घेऊन माझ्या पेटीत ठेवली. ती पाटावरून उठली. तिला उठायला वेळ लागतो, त्यामुळे मला पुढे काय होणार याचा विचार करायला सवड मिळाली, पण ती मी वापरली नाही.

ती म्हणाली, "सखाराम, तुज्या शिवाला ह्याच हातांनी न्हाऊ घातलंय मी. तवा तू कुठं होतास?" खरे तर मी कराचीला होतो, पण ते सांगून उपयोग नव्हता. मग तिने वर काठीकडे बघितले. "जोवर ह्यां पिवळं फडकं वर हाय, तोवर ह्या उंबऱ्याला माजा पाय लागायचा नाय." आणि आपला पाट काखेत मारून गेली. पाट तिचा स्वतःचा असतो हे मला त्या दिवशी कळले.

मथुराने दुपारी माझ्यापुढे नुसती पेज ठेवली. संध्याकाळी एकच वाक्य बोलली, "तुमी तोडलंत, तुमीच जोडा." पण मी इतक्यावर नमणारा नव्हतो. तुळसा गेली तर गेली, मी निदान धुण्याचा भाग हातात घेतो म्हणून दत्तारामाचे सगळे लंगोट, दुपटी आणि कुंच्या विहिरीवर नेल्या आणि डेक घासतात तशा घासल्या. साबण सढळ हाताने लावला. माझी समजूत अशी की साबण जितका उरेल तितकी स्वच्छता टिकेल, म्हणून फार खळबळलेही नाही. वाळल्यावर लंगोट इतके कडक झाले की भिंतीशी टेकवून उभे राहत. राहीने दोनदा विचारले, मामा, हे पुन्हा पाण्यातून काढू का? मी म्हटले, पोरी, बोटीवरचे डॉक्टर असेच सांगतात. (कुठल्याही बोटीवरच्या कुठल्याही डॉक्टरने असे कधी सांगितले नव्हते. डॉक्टर साबणाबद्दल एवढेच म्हणाले होते की तो खायचा नाही, आणि ते तुझ्या त्या कांद्यावाल्या भांडाऱ्याला.)

दुसऱ्या दिवशी दत्तारामाच्या मांड्यांवर, पोटावर आणि कुंचीचा बंद जिथे लागतो तिथे गळ्याभोवती बारीक लाल पुरळ उठले. मथुराने कडुनिंबाची फांदी आणवली, पाला पाण्यात उकळला, त्या पाण्याने पोराला पुसून घेतले आणि उरलेली फांदी सुकायला दारावर खोचली. आता तूच बघ. दारावर कडुनिंब. अंगणात पिवळे निशाण. पोराच्या अंगावर पुरळ. राहीने दोन दिवस केस विंचरलेले नाहीत (पोर रडते म्हणून), घरातून फोडणीचा वास नाही (मथुरा माझ्यावर रागावून नुसती पेज शिजवत होती म्हणून), आणि तुळसा न्हाऊ घालायची सोडून गेली, विचारले तर तोंडाला पदर लावून गप्प. वाडीने दोन नि दोन चार केले. सारंगाच्या घरी देवी आल्या.

सकाळी मी बाहेर आलो तर अंगणात वीस-बावीस माणसे. पुढे म्हातारे आप्पा, म्हणजे आपले वाडीचे मानकरी, हातात शहाळे घेऊन. बायकांच्या हातांत दहीभाताच्या वाट्या, पांढरी फुले, खणनारळ. आणि काखेला, पाठीला, बोटाला धरून पोरेच पोरे. ज्या बावट्याने माणसे लांब राहावीत त्या बावट्याने माझ्या दारात जत्रा भरवली. मी ओरडलो, मागे व्हा, हात धुवा, इथे देवीबिवी काही नाही. आप्पांनी दोन्ही हात कानांना लावले. म्हणाले, "असां बोलू नको, सखाराम. आई आयकता. कोपली तर मग?" मी म्हटले, अहो, साधे पुरळ आहे. सगळ्या बायकांनी एकदम मान खाली घातली. मी जितके नाही म्हणावे तितके ते माझ्या बाजूने देवीची क्षमा मागत. तुला खरे सांगतो, मी वादळात बोट ऐकत नाही असे पाहिले आहे, पण इतके न ऐकणारे काही पाहिले नव्हते.

बरे, देवी आली की ते पोर पोर राहत नाही, आईच होते, त्यामुळे सगळ्यांना पाया पडायचे. रांग लागली. न धुतलेल्या हातांनी माझ्या नातवाच्या पायांना चाळीस वेळा शिवून झाले. दहीभाताचे एक शीत त्याच्या कपाळावर, एक नाकावर. त्यालाही त्या दिवशी काय सुचले कोण जाणे, एरवी माणूस दिसले की भोकाड पसरणारे पोर त्या दिवशी गंभीर चेहरा करून सगळ्यांकडे बघत होते, आणि एकीच्या अंगावर त्याने धार सोडली तर ती म्हणाली, "आयचो परसाद." मी घंगाळ उचलून रांगेच्या मध्ये नेऊन ठेवले. त्यांनी त्यातलेही पाणी तीर्थ समजून डोळ्यांना लावले. कारबोलिकचे पाणी, लवू. सगळी रांग डोळे चोळत रडू लागली आणि मागून येणाऱ्यांना वाटले की फार मोठे काही चालले आहे, म्हणून तीही रडू लागली.

एवढ्यात तरीतून उतरून, सायकल खांद्यावर घेऊन, लस टोचणारे सरकारी डॉक्टर आले (ज्यांना आपल्याकडे देवी डॉक्टर म्हणतात). पाटलाने शहरात वर्दी दिली होती. तरुण माणूस, चष्मा, सोलापुरी बोलणे. मला हायसे वाटले, आपल्या जातीचा माणूस भेटला असे झाले. मी त्यांना सलाम केला, बावटा दाखवला, नियम वाचून दाखवले. त्यांनी घंगाळातले पाणी ओतून स्वच्छ मागवले, कोपरापर्यंत हात धुतले (मी मथुराकडे बघितले), मग पुरळ बघितले, लंगोट उचलला, नाकाशी नेला, भिंतीवर टकटक वाजवून बघितला. आणि हसायला लागले. म्हणाले, देवी नाही, काही नाही, हा साबण आहे, लंगोट नीट खळबळा म्हणजे दोन दिवसांत जाईल. हे कपडे धुतले कुणी? अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी मला म्हटले, हात बघू. मी हात पुढे केले. उलटे करा. उलटे केले. पहाटेच मी आपल्या होडीला डांबर लावून आलो होतो. दहाही नखांत डांबर. मी साऱ्या वाडीची नखे तपासली, पण माझी तपासायला वाडीत कुणी सारंग नव्हता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "या हातांनी बाळाला शिवू नका, बाबा." आणि घरातून मथुराचे हसणे ऐकू आले. सव्वा महिन्यात ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून मी तेवढ्यापुरता राग आवरला.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी दोन महिन्यांत तोंड वर काढले असते. पण डॉक्टरांनी अंगणातली पोरे मोजली. ज्या पोरांना टोचण्यासाठी ते दोन वर्षे भाट्यात खेपा घालत होते आणि जी त्यांची सायकल दिसताच सुरूच्या बनात पळत, ती सगळी एका जागी, आयांच्या काखेत, रांग लावून. त्यांनी राहीकडून पाट मागितला, पिशवी उघडली, आणि मला म्हणाले, बाबा, फाटकाशी उभे राहा. मी राहिलो. हुकूम आला की मी पाळतो, सवय आहे. एकोणीस पोरे टोचून झाली. आरडाओरडा पलीकडे राजिवड्याला ऐकू गेला म्हणतात. एकोणीस आया जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेल्या ती नजर तू बघितली नाहीस, भाग्यवान आहेस. सारंगाने देवीचा बहाणा करून पोरे पकडून दिली, असे आता वाडीत म्हणतात. आमच्या पायरीवर कुणी चढत नाही. मला हवे होते त्यापेक्षाही कडक क्वारंटाइन लागले आहे.

आता खरी अडचण ऐक. तुळसा येत नाही. दुसरी कुणी यायला तयार नाही. मथुराचे गुडघे पाय लांब करून बसू देत नाहीत. राहीला अजून कंबर धरते, वाकवत नाही. आणि पोराला अंघोळ तर रोज हवी. मथुराने डॉक्टर गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पाट आणून माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, "बसा आता. नखां काढलंत?"

नखे काढली होती. मुळापासून, रक्त येईपर्यंत. मी बसलो. माझे पाय तुला माहीत आहेत, बोटीच्या तळकोठीवरचा जड फाळका पडला तेव्हापासून डावा जरा आत वळतो, त्यामुळे दत्ताराम डावीकडे घसरू लागला. मग मांडीखाली दुपट्याची गुंडाळी घातली तेव्हा तो नीट राहिला. मथुरा उभी राहून हुकूम सोडत होती, राही दाराआडून बघत होती, आणि मला घाम फुटला होता. मान धरा. एवढी आवळू नका. टाळूवर तेल. डोळ्यांत नको. कोपर बुडवा आधी, तुमच्या हाताला काय कळतंय, दोरांनी हात मेलेत तुमचे. खरेच होते, हाताला कढत लागले नाही आणि कोपराला चटका बसला, म्हणून तुळसा कोपर का बुडवते ते मला समजले. मग साय लावली, पीठ लावले, घडीघडीतून, काखेतून, मानेच्या वळीतून (तिथे किती मळ साठतो, लवू, मला कल्पना नव्हती), आणि पाणी ओतले. पोर रडेल म्हणून मी दात धरून होतो. ते रडले नाही. पालथे पडल्यापडल्या त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितले, माझा अंगठा धरला आणि सोडेना. माझ्या मिशांना भ्याले नाही. मला रडू आले. डोळ्यांत डाळीचे पीठ गेले असे मी मथुराला सांगितले.

लंगोटाच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. मी सवयीने खलाशी गाठ मारली. ती ओली झाल्यावर कुणालाच सुटेना, शेवटी मथुराने विळीने कापली आणि तोंडाने जे बोलली ते पत्रात लिहिता येत नाही. आता मी सुटी गाठ शिकलो आहे.

असे एकोणीस दिवस चालले आहे. रोज सकाळी पाणी तापवा, नखे बघा, कोपर बुडवा, वेखंड उगाळा, धुरी धरा, लंगोट तीन पाण्यांतून काढा. माझी कंबर गेली, गुडघे गेले, वाडीतले पुरुष मला न्हावणकरीण म्हणतात. मानी माणसाने किती सोसावे? बावटा मी हट्टाने अजून काठीवर ठेवला आहे, पण आतून हरलो आहे. म्हणून विनंती अशी की चिमाने तुळसाला एक प्रेमाचे पत्र धाडावे. चिमाचा शब्द ती मोडणार नाही. सारंग चुकला, त्याला माफ कर आणि पाट घेऊन ये, इतके लिहिले की पुरे. काजळाची डबी मी परत करीन. एवढे काम कर, म्हणजे मी पुन्हा ओटीवर बसून पुरुषासारखा विडा खाईन.

मुलांना आशीर्वाद. खोकला जपावा. कोठीतून कुणी काही मागितले तर नेहमीप्रमाणे नाही म्हणावे, फक्त साडू सोडून.

तुझा,
सखाराम विठू शिवलकर,
माजी सारंग, हल्ली वर लिहिल्याप्रमाणे

ता. क. चिमाच्या पत्राची तितकी घाई नाही. तिची कंबर दुखत असताना तिने लिहायला बसू नये. होळीनंतर लिहिले तरी चालेल.

ता. क. दुसरा. पत्र काल टपालात टाकायचे राहिले, कारण अंघोळीला वेळ लागला. आज दत्ताराम पाणी ओतताना हसला. मथुरा म्हणते पोटात वायू धरला की पोरे तशी दिसतात. मी दोन वेळा ओतून बघितले, दोन्ही वेळा हसला. चिमाने मुळीच पत्र लिहू नये. म्हाताऱ्या माणसाला या वयात पायपीट करायला लावणे बरे नव्हे.

ता. क. तिसरा. (हे फक्त तू वाच.) घात झाला. कडक झालेले लंगोट फेकून द्यावे लागले होते, आणि काल मी बाजारात गेलो असता मथुराने बावटा उतरवून त्याचे सहा लंगोट बेतले. कापड जुने, मऊ आहे, पोराला मानवले, त्याबद्दल तक्रार नाही. पण काठी रिकामी आहे. तुळसाची शपथ तुला वर लिहिली आहे. बावटा दिसला नाही तर ती कुठल्याही सकाळी पाट घेऊन हजर होईल आणि मी पुन्हा ओटीवर जाईन. तरी पत्र देखत तुझ्या कोठीतून एक पिवळा बावटा, दोन वार, नवा नसला तरी चालेल, येत्या बोटीने धाडावा. वरती सुक्या खजुराची पुडी बांधावी, म्हणजे घरात संशय येणार नाही. लवू, आयुष्यात तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागतो आहे.

ता. क. चौथा, दुसऱ्या हाताचा. लवूकाकांना राहीचा नमस्कार. मामांनी पत्र खळ लावून बंद करायला माझ्याकडे दिले. सासूबाईंनी आधी वाचून दाखवायला लावले, म्हणून वाचले, माफी असावी. सासूबाई म्हणतात, चिमामावशींनी तुळसाआजींना लिहायचे कारण नाही. मामा न्हाऊ घालू लागल्याच्या तिसऱ्याच दिवशी सासूबाई त्यांना जाऊन भेटल्या आणि एवढ्यात येऊ नका म्हणून सांगून आल्या. तेव्हापासून तुळसाआजी रोज सकाळी कुंपणाआड माडाखाली मिश्री लावत बसतात आणि मामा मान नीट धरतात की नाही ते बघून जातात. काल म्हणाल्या, "शिकला मेला. तेल तेवढां कमी घालता." आमच्या ह्यांची बोट आषाढात येणार आहे. ते आले की बाळाला न्हाऊ कसे घालायचे ते त्यांना शिकवणार, असे मामा रोज पाणी ओतताना बाळालाच सांगतात. तेव्हा बावटा जरूर पाठवावा, मामांना यातले काही कळू देऊ नये, आणि सासूबाई म्हणतात, दोन वार पुरायचे नाही, चार वार पाठवा.